शेठना हटवायचं काम

सोमवारी शटर वर गेलं, अगरबत्ती लागली, की शेठ खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मास्टर, पहले मेरे को हटाओ."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस बोलताना कुठेतरी गंडलाय. मी नवीन होते. बदलापूरहून उल्हासनगरला यायचे, कॅम्प चारमधल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचे. मास्टर म्हणजे मीच. शेठचे वडील जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. त्यामुळे जो कुणी काही कापतो तो शेठच्या लेखी मास्टर, मग तो कापड कापो नाहीतर माझ्यासारखी फोटोतली माणसं. आणि "मेरे को हटाओ" म्हणजे त्यांची सावली पुसायची. संध्याकाळचं ऊन पाठीवर घेऊन ते फोटो काढत, तेव्हा त्यांची लांबलचक सावली बरोब्बर फोटोच्या मध्यात येऊन पडायची. ती मी दर सोमवारी पुसायची.

"बाजूला उभं राहून काढा ना शेठ," मी एकदा वैतागून म्हटलं.

"बाजू से काढला तर जागा तिरछी येते," ते म्हणाले. मी पुसत राहिले.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की शेठ गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, आमच्या भाभी, दुकानात आल्या, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "परसों शाम को बैठक है. इनका एक फोटो बना दो." आणि आम्हाला शेठचा फोटो सापडेना. अख्ख्या कॅम्पातल्या मेलेल्या माणसांना ज्याने भिंतीवर नीट उभं केलं, त्या माणसाचा फोटो नाही. आधार कार्डावरचा होता. तो मोठा करून मी स्क्रीनवर लावला. भाभी पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "ये कौन है?"

खरं सांगते, मलाही तो माणूस ओळखू येईना.

आमच्या दुकानाचा धंदा काय होता ते आधी सांगते. पासपोर्ट फोटो, शाळेचे फोटो, लग्नाचे अल्बम हे होतंच. पण मुख्य काम मेलेल्यांचं. घरात कुणी गेलं की लोक धावत येतात. हातात कधी रेशन कार्डाची झेरॉक्स, कधी कुणाच्या तरी हळदीतला ग्रुप फोटो. त्यातून माणूस कापून काढायचा, शेजारच्याचा खांद्यावरचा हात काढून टाकायचा, अंगावर कोट चढवायचा, केस बसवायचे आणि मागे छानसं काहीतरी लावायचं. बाकीचे स्टुडिओवाले मागे बर्फाचे डोंगर लावतात. ज्यांनी जन्मात माथेरानच्या पुढे पाऊल टाकलं नाही, ते मेल्यावर बर्फात. शेठना याची भयंकर चीड. "उसको ठंड लगेगी," म्हणायचे. हे ते गमतीत म्हणायचे की मनापासून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून ते स्वतःचा देखावा स्वतः काढायचे. थंडीच्या दिवसांत दर रविवारी स्कूटरला किक मारायची आणि थेट ठाण्याच्या पलीकडे खाडीकाठची बाग गाठायची. त्या बागेत एका बाजूला लोकांनी चालायची वाट आहे, मग तिवरं, आणि ओहोटी लागली की पुढे नजर पोचेल तिथवर चिखल. त्या चिखलात पक्षी उतरतात. शेठना एकाही पक्ष्याचं नाव माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. लांब लाल पायांचे पक्षी त्यांच्या भाषेत "जीन्सवाले". लहान लहान पक्षी चिखलात टकटकटक चोच मारत सरळ रेषेत जातात ना, ते "ओव्हरलॉकवाले", कारण कारखान्यातलं मशीन तसंच चालतं. फ्लेमिंगोंवर मात्र त्यांचा राग होता. सगळी दुनिया मोठाले कॅमेरे लावून त्यांचेच फोटो काढते, म्हणून ते "शादीवाले". शादीवाले फ्रेममध्ये आले की शेठ कॅमेरा खाली घ्यायचे आणि ते जाईपर्यंत शेंगदाणे खायचे.

तिथून ते मला फोन करायचे. "मास्टर, पानी आ गया." सुरुवातीला एकदोनदा मी हे ऐकून सरळ घरात धावले आणि आईला घेऊन पिंप, कळशा, बादल्या नळाखाली लावून बसले. आमच्याकडे पाणी आलं म्हणजे नळाला आलं. शेठकडे पाणी आलं म्हणजे भरती आली, पक्षी उठले, आजचं काम संपलं. आई म्हणायची, तुझ्या शेठला रविवारी दुसरं काही सुचत नाही का गं.

त्या फोटोंची एकच खूण होती. मधोमध मोकळी जागा. एका माणसापुरती. डावीकडे तिवरं, उजवीकडे पाणी, मागे आभाळ, आजूबाजूला जीन्सवाले, ओव्हरलॉकवाले आपापल्या कामात, आणि मध्ये कुणीच नाही. त्या जागेत मी गिऱ्हाइकाचा माणूस उभा करायचा. पण एक नियम होता. पक्ष्याला हात लावायचा नाही.

एकदा कॅम्प तीनमधले एक कापडवाले आले होते. त्यांच्या वडिलांचा फोटो तयार होता, पण वडिलांच्या डोक्याच्या वर एक जीन्सवाला उडत होता. पाय मागे ताणलेले, ते नेमके टोपीला टेकल्यासारखे. कापडवाले म्हणाले, "साईं, ये पंछी हटाओ. डैडी के सर पे बैठा है."

"बैठा नहीं है, जा रहा है," शेठ म्हणाले.

"जो भी है. हटाओ."

"नहीं हटेगा. वो पहले से वहाँ है. तुम्हारे डैडी बाद में आए हैं."

मला वाटलं, आता गिऱ्हाईक टेबल उलटणार. कापडवाल्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं आणि ते चक्क म्हणाले, "हाँ, वो तो है." फोटो घेऊन गेले. मी आ वासून बघत होते. यात पटण्यासारखं काय होतं?

जिवंत माणसाला मात्र शेठ त्या जागेत घेत नसत. नवीन लग्न झालेली जोडपी यायची, समुद्रवाला सीन द्या म्हणायची. शेठ सरळ नाही म्हणायचे. कारण विचारलं की दरवेळी वेगळं सांगायचे. एकदा म्हणाले, "कॅम्प में आदमी जिंदगीभर तिरछा होके चलता है. बाजार में तिरछा, खोली में तिरछा. मरके तो सीधा खड़ा रहे." हे ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या वेळी दुसऱ्याच कुणाला सांगताना ऐकलं, की पार्टी जिवंत असली तर फोटोत दहा चुका काढते. आता यातलं खरं कुठलं? मी गोंधळायचे ती गोंधळायचेच.

या नियमाचा परिणाम असा झाला, की आमच्या भागात समुद्रवाला फोटो म्हणजे माणूस गेला, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. लोक बोलताना म्हणायचे, "त्यांचे काका ना, त्यांचा समुद्रात लागला फोटो." आणि त्यातूनच ते अंबरनाथच्या आजोबांचं प्रकरण झालं.

अंबरनाथजवळच्या गावातलं शेतकरी घर. आजी वारल्या तेव्हा त्यांचा फोटो आम्हीच केला होता. नऊवारी, नथ, मागे खाडी, पायाशी ओव्हरलॉकवाले. घरच्यांना फार आवडला. पुढे आजोबांना पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा नातवाने तोच देखावा उचलला, बॅनरवाल्याकडून आजीच्या जागी आजोबांना घातलं आणि वाढदिवसाचा भलामोठा बॅनर नाक्यावर लावला. मोबाईलवरही सगळ्यांना पाठवला. वर अभीष्टचिंतन लिहिलेलं होतं, पण अक्षरं वाचतो कोण? लोकांनी समुद्र बघितला. सकाळपासून माणसं पांढरे कपडे घालून दारात. बायका पदर तोंडाला लावून आत शिरल्या, तर आजोबा खुर्चीत बसून केक खात होते.

आजोबा काठी टेकत टेकत दुकानात आले. मला वाटलं, आता आमची खैर नाही.

"मना मारलात ना तुम्ही," आजोबा म्हणाले. "माझी बहीण शहापूरवरशी रडत आली. मना बघून परत रडली."

शेठनी ऐकून घेतलं. बॅनर आम्ही केला नव्हता, हेसुद्धा म्हणाले नाहीत. फक्त तोंड पाडून बसले. मग म्हणाले, "गलत हुआ. झूठ हो गया."

"फोटो झ्याक आलाय पण," आजोबा म्हणाले. "तो असूंद्या."

"कैसे असूंद्या? तुम वहाँ गया ही नहीं."

"मंग म्हातारी तरी कंदी जेली होती?"

"वो गुजर गई है. वो जा सकती है," शेठ म्हणाले. हे अगदी सहज म्हणाले. मग शेठनी समजावून सांगितलं, "देखो बाबा, ये पक्षी जिंदा आदमी के पास बैठता नहीं. आदमी आया की उडून जातो. इसलिए मैं पक्षी का पहले लेता हूँ, आदमी बाद में. जो मर गया उससे ये डरता नहीं. तुम जिंदा है और तुम्हारे पैर के पास पक्षी बैठा है, तो वो फोटो झूठा है."

आजोबांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग खरा करायला काय लागंल?"

असं झालं म्हणून आम्ही त्या रविवारी खाडीवर गेलो. शेठ, आजोबा आणि आजोबांचा हात धरायला मी. रिक्षा ठरवली होती. वाटेत दोघं एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत होते, आणि कुणाला किती कळत होतं देव जाणे.

बागेच्या टोकाला तिवरांमधून चिखलाशी जायला एक दगडी बांध आहे. शेठ तिथं थांबले. कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. आजोबांनी आधी सगळीकडे बघून घेतलं. भिंतीवरच्या फोटोतली तिवरं, तोच वाकडा बुंधा, तेच पाणी. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ती कुठं हाय?"

आजीचा फोटो मी केला होता. हळदीच्या ग्रुपमधून कापून मीच त्यांना उभं केलं होतं, कॉम्प्युटरवर, दुकानात, पंख्याखाली. त्या इथं कधीच नव्हत्या. पण शेठ दोन पावलं पुढे गेले आणि बांधाच्या पायथ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यहाँ. थोडासा इधर, पानी की तरफ."

आजोबा गेले आणि बसले. नेमक्या त्या ठिकाणी नाही. शेजारी. जागा सोडून. काठी आडवी ठेवली, टोपी काढून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "लय लांब आलीस गं."

मला शेठचा राग येत होता. म्हाताऱ्या माणसाला असं फसवायचं? पण शेठच्या चेहऱ्यावर फसवल्याची कसलीही खूण नव्हती. ते कॅमेऱ्यामागे कोपर वर करून उभे होते. फोटो घेताना त्यांचं उजवं कोपर खांद्याच्याही वर जायचं. लग्नाच्या हॉलमध्ये मागचे लोक ओरडायचे त्यावरून.

पक्षी आले. शेतात आयुष्य काढलेला माणूस, त्याला स्थिर बसणं ठाऊक होतं. आधी एक ओव्हरलॉकवाला टकटक करत कडेने गेला. मग एक जीन्सवाला आला, एक एक पाय उचलत, अगदी आजोबांच्या जवळ, आणि त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत उभा राहिला. आजोबा हलले नाहीत. शेठनी बटण दाबलं.

परतताना रिक्षात शेठ एकदम खूश होते. "अब सच हो गया," एवढंच म्हणाले. सोमवारी कार्ड टेबलावर आलं, "पहले मेरे को हटाओ" झालं, मी हटवलं. आजोबांच्या घरी आता नवा फोटो लागला, आणि आजोबा अजून ठणठणीत आहेत.

शेठ मात्र गेले. दुकानातच, चहाचा ग्लास हातात असताना. बाजारात नेहमीसारखी गर्दी होती, रिक्षा तिरकी घालत घालत दवाखान्यात पोचवली, पण उपयोग झाला नाही.

आणि मग भाभी स्टुलावर बसलेल्या आणि स्क्रीनवर आधार कार्डातला तो अनोळखी माणूस.

आम्ही सगळं उपसलं. घरातल्या लग्नांचे अल्बम बघितले. सगळ्या लग्नात शेठ होते, पण कुठल्याच फोटोत नव्हते. फोटो तेच काढत होते ना. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो होता, त्यात तोंडावर सेहरा. भाभी म्हणाल्या, "मैंने भी उस दिन इनको देखा नहीं था." म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी पाणी दिलं.

मग मला त्यांचाच प्रश्न आठवला. कुणी मेलेल्याचा फोटो घेऊन आलं की शेठ आधी विचारायचे, यांना कुठं उभं राहायला आवडायचं? लोक बावचळायचे, पण सांगायचे. गॅलरीत, गोठ्यात, नाक्यावर. मी भाभींना विचारलं, "भाभी, शेठ को कहाँ खड़ा रहना अच्छा लगता था?"

भाभी म्हणाल्या, "संडे को वहीं. खाड़ी पे. पर वो तो कैमरे के पीछे खड़े रहते थे. फोटो में कैसे आएँगे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेवटच्या सोमवारी मी सुट्टी घेतली होती. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. म्हणजे शेवटच्या रविवारचं कार्ड तसंच असणार, न हटवलेलं. ड्रॉवरमध्ये होतं. मी ते लावलं.

डावीकडे तिवरं. उजवीकडे पाणी. मध्ये ओल्या चिखलावर लांब पडलेली सावली. तिकाटण्याचे तीन पाय, त्यात मिसळलेले शेठचे दोन, वर टोपी, आणि उजवं कोपर हवेत. सावलीच्या छातीच्या जागी एक जीन्सवाला चिखलात चोच खुपसून आरामात खात होता. त्याला कसलीच भीती वाटत नव्हती.

भाभी स्टुलावरून उठल्या. स्क्रीनजवळ आल्या. कोपरावर बोट ठेवलं. "ये," त्या म्हणाल्या. "ये ही हैं." आणि मग रागावल्यासारख्या म्हणाल्या, "कितनी बार बोला, हाथ नीचे रखो. लोगों को लगता है."

इतकी वर्षं मी हे दर सोमवारी पुसत होते. मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

बैठकीला तोच फोटो लावला. लोक येत, हात जोडत आणि गोंधळत. एक जण माझ्या कानाशी लागला, "सेठ का फोटो लगाना भूल गए क्या?" कापडवाले आले होते, तेही वाकून बघून गेले. अंबरनाथचे आजोबा आले. काठी टेकत समोर उभे राहिले, मान तिरकी केली, डोळे बारीक केले. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. ते फोटोसमोर खाली बसले. अगदी समोर नाही. थोडे बाजूला. त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा होती. हॉल खच्चून भरला, लोक दारात उभे राहिले, पण तिथं कुणी बसलं नाही.

शेठ पक्षीवाले होते, की देखावावाले, की नुसतेच खुळे, ते मला अजून सांगता येणार नाही. दुकान आता भाभी बघतात. मी आहेच. तो फोटो काउंटरच्या मागे लावलाय, हार न घालता. हार कुठं घालायचा हेच कुणाला कळेना.

परवा एक बाई आल्या. सासरे गेले होते. पर्समधून एक चुरगळलेला फोटो काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "मॅडम, ये वाला सीन लगा दो. बीच में जगह भी अच्छी है. बस वो परछाईं हटा दो."

"नाही हटणार," मी म्हटलं. "ते आधीपासून तिथं आहेत."